निळ्या पाटीवर तीर्थ

पेनेबेल, १० एप्रिल

चि. कोमांगला दादोंगचे आशीर्वाद.

पत्र तुझ्या आजीचं, अक्षर मेन सुक्रीचं. तिच्या कॉफीच्या टपरीवर बसून मी सांगतेय आणि ती लिहितेय. फोनवर बोलायचं मी सोडलंय. तू तिकडून ओरडतेस, मी इकडून ओरडते आणि काय बोलणं झालं ते सगळ्या आळीला कळतं, मला सोडून. तुझ्या आईकडून लिहून घेतलं असतं, पण ती दुपारी ऐकते ते संध्याकाळी तुझ्या बापाच्या, लांद्राच्या ताटात वाढते. (मी तशी नाही. – मेन सुक्री.) हो, ही तशी नाही. ही संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

काल तुम्पेक लांदेप झाला. घरातलं सगळं लोखंड पूजेला बसलं. कोयते, विळ्या, माझा अडकित्ता, आणि अर्थात तुझ्या बापाची पर्यटक फिरवायची गाडी. सकाळपासून तिला धूत होता. स्वतःच्या लग्नात एवढी आंघोळ केली नव्हती त्यानं. आरशांना फुलं, पुढे माडाच्या कोवळ्या पानांचं तोरण, आणि पूजा सांगायला मी. बेलांगनं नेहमीसारखं केलं. उदबत्ती जळत होती तोवर शहाण्यासारखा बसला, विझल्याबरोबर चानांगच्या नैवेद्यातलं बिस्कीट पानांच्या परडीसकट पळवलं. कुत्रा आहे, पण विधी पाळतो.

तू बनवलेली ती छोटी गाडीही पूजेत होती. वसतिगृहात बॅटऱ्या चालत नाहीत म्हणून माझ्या उशाशी टोपलीत ठेवून गेलीस, मग सणाच्या दिवशी तिला उपाशी ठेवू का? तिचं सगळं यथासांग झालं. आता ती झोपलीय.

जेवताना लांद्रानं परत तुणतुणं वाजवलं. "गलुंगानच्या सणाला पोरीची गाडी अंगणात स्वयंपाकघर ते फाटक गेली पाहिजे. कुणाचा हात लागता कामा नये. गेली तर पुढची दोन वर्षं मालांगला शिकू दे तिला. नाहीतर जूनपासून सानूरच्या हॉटेलात, तिच्या आत्याच्या हाताखाली चादरी घालायच्या." मी म्हटलं, ऐकलंय रे, बहिरी फोनवर आहे, घरात नाही.

एक सहज विचारायचं होतं. तुझ्या गाडीच्या पाठीवर ती निळी पाटी आहे, तिला पाणी चालतं का? म्हणजे दमट हवा वगैरे. सहज विचारतेय.

तुझी दादोंग रेनिंग

•

मालांग, १७ एप्रिल

प्रिय दादोंग,

तुझं पत्र वर्गात वाचलं आणि हसले म्हणून बाहेर उभी राहिले.

पाणी अजिबात चालत नाही! त्या निळ्या पाटीत गाडीची सगळी बुद्धी आहे. मी कॉम्प्युटरवर जे लिहिते ते तिच्यात जाऊन बसतं: किती वेगानं जायचं, समोर काही आलं तर थांबायचं, उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं, मोकळं असेल तिकडे वळायचं. एक थेंब पडला तरी संपलं. टोपलीवर कापड घालून ठेव. कौलं गळतात ती खिडकीजवळ, तिथे ठेवू नकोस.

माझं एक काम कर. मागचं काळं बटण दाबलंस की पाटीवर लाल दिवा लागतो. तो लागला की नाही तेवढं कळव. गाडी चालते हे तर तू सुट्टीत बघितलंच आहेस, बापांनीही बघितलंय. थोडं डोकं सुधारायचं राहिलंय, ते मी इथून करते.

चादरी घालायला मी जाणार नाही, दादोंग. आत्या चांगली आहे, पण मी जाणार नाही.

तुझी कोमांग

ता. क. मेन सुक्रींना नमस्कार, आणि त्यांनी हे सगळं गावाला सांगितलं तरी हरकत नाही.

•

पेनेबेल, २४ एप्रिल

चि. कोमांगला आशीर्वाद.

दिवा लाजाळू आहे. कधी कोणासमोर लागतो, कधी नाही. माझ्यासमोर तर तुझे आजोबाही चार वर्षं बोलले नव्हते.

इकडे पाऊस थांबलाय. शेजारच्या शेतात बदकं सोडलीत. तुझ्या बापाला परवा दोन परदेशी मिळाले, त्यांना देऊळ दाखवायला नेलं, तर ती माणसं गाडीतच झोपली. लांद्रा म्हणतो, याच्यापेक्षा बदकं फिरवलेली बरी.

आता मी एक विचारते, त्याचं नीट उत्तर दे. समज, कुणा दुसऱ्याच्या, आपल्या नव्हे, दुसऱ्या कुणाच्या गाडीची अशी पाटी बदलायची झाली. तर ती शिकलेल्याच माणसाला बदलता येते, की चांगली बोटं असलेल्या कुणालाही? एक म्हातारी आहे, तिला अक्षर येत नाही, पण पन्नास वर्षं रोज सकाळी तीस-चाळीस चानांग विणते, बांबूच्या काडीनं पान टाचते, एकही टाका सुटत नाही. तिला जमेल का?

(मला फार काही सांगायचंय, कोमांग, पण हिनं मला देवळासमोर शपथ घातलीय. – मेन सुक्री.)

तिचं ऐकू नकोस. तिला शपथ मानवत नाही, पोटात दुखतं.

तुझी दादोंग

•

मालांग, २ मे

दादोंग,

तू गाडीवर तीर्थ शिंपडलंस.

सांगू नकोस, मला कळलं. बॅटरी आत असताना शिंपडलंस आणि मग बटण दाबलंस, तिनं नमस्कार करावा म्हणून. हो ना?

आधी मी रडले. मग रागावले. मग जेवायला गेले तर तिथे माशाची आमटी होती, तिला तुझ्यासारखा वास नव्हता, म्हणून परत रडले. आता लिहायला बसलेय.

पण दादोंग, मलाही सांगायचंय. ती गाडी चालतच नव्हती. सुट्टीत बापांसमोर अंगणातून फाटकापर्यंत गेली, ती चालली नाही, घरंगळली. आपलं अंगण स्वयंपाकघराकडून फाटकाकडे उतरतं. मी चाकं मोटरपासून सैल केली होती आणि आवाजासाठी मोटर नुसती फिरत ठेवली होती. ते बघून बापा म्हणाले, "बरं, गलुंगानला परत दाखव, मग बघू." म्हणजे त्यांची सगळी अट माझ्या लबाडीवर उभी आहे. तू पाटी जाळलीस ती पूजेनं जाळलीस. मी तर न जळलेल्या गाडीनंच फसवलं.

आता प्रोग्रॅम खरंच झालाय. इथे प्रयोगशाळेत दुसऱ्या गाडीवर चालवून बघितलाय. नवी पाटी तिच्यात सगळं भरून पोस्टानं पाठवतेय. जोडायची तुला. परीक्षा आठ जूनपासून आहे आणि गलुंगानही आठ जूनलाच. मी येऊ शकत नाही.

म्हातारीला जमेल. ऐक. मी पाटीवर एक छोटी चौकोनी पट्टी बसवलीय, तिच्या चार बाजूंना चार भोकं आहेत. गाडीच्या दोन गोल डोळ्यांमधून चार वायर येतात. गाडीचं नाक डोंगराकडे, म्हणजे उत्तरेला कर आणि समज की ती पट्टी म्हणजे चानांग. पांढरं फूल पूर्वेला, लाल दक्षिणेला, पिवळं पश्चिमेला, काळं उत्तरेला. वायरही त्याच चार रंगांच्या आहेत. जिथे फूल ठेवशील तिथे वायर खोच.

मग दोन मोटर. प्रत्येकीला लाल आणि पांढरी वायर. दोन्ही बाजूंना लाल पुढच्या भोकात, पांढरी मागच्या. स्क्रू अडकित्त्याच्या टोकानं फिरेल. चाकं घट्ट कर. आणि आधी मोटरच्या दोन पिवळ्या डब्या उघडून बघ, आत दाते आहेत, त्यात पूजेचे तांदूळ अडकले असणार. मी तुला ओळखते.

बापांना यातलं काही सांगू नकोस. उताराचंही नाही. अजून नाही.

तुझी कोमांग

•

पेनेबेल, १८ मे

चि. कोमांगला आशीर्वाद, आणि एक कान पिळून.

सहा तांदूळ निघाले. पाच डाव्या डबीतून, एक उजव्या. सहावा काढायला बांबूची काडी लागली.

तुझं दोन तारखेचं पत्र मेन सुक्रीनं मला सलग तीनदा वाचून दाखवलं. उताराच्या जागेला आली की घसा खाकरायची. मी म्हटलं, पुढे वाच, आमच्या घरात पोरगी खोटं बोलली तर तुला कसली खोकल्याची उबळ? पण मला बरं वाटलं, खरं सांगते. महिनाभर मला वाटत होतं की एका धडधाकट गाडीचा जीव मी घेतला. आता कळलं, ती आधीच आजारी होती.

तीर्थाचं असं झालं. लांद्राच्या गाडीवर शिंपडलं, कोयत्यांवर शिंपडलं. तुझी गाडी टोपलीतून माझ्याकडे बघत होती, त्या दोन गोल डोळ्यांनी. मला वाटलं, पोर लांब आहे, निदान तिच्या गाडीला तरी मिळू दे. तीनदा शिंपडलं, तांदूळ टाकले, बटण दाबलं. चट् असा आवाज झाला आणि खोबरं करपल्यासारखा वास आला. मी तशीच कापडाखाली झाकली. मग दोन पत्रं तुझ्याशी दमट हवेच्या गप्पा मारल्या. झालं. हे परत विचारायचं नाही.

तुझी पाटी आली. मेन सुक्रीनं टपरीचं दार लावलं, दोन गिऱ्हाइकं बाहेर कॉफी कॉफी करत राहिली. मी पांढरी पूर्वेला, लाल दक्षिणेला, पिवळी पश्चिमेला, काळी उत्तरेला खोचली. मेन सुक्री म्हणते, कागदावर बघून कर. मी म्हटलं, हे मला कागद सांगणार? मोटरचे स्क्रू आवळले, बटण दाबलं. दिवा लागला, कोमांग! लाल. डाळिंबाच्या दाण्याएवढा.

आणि गाडी भोवऱ्यासारखी जागच्या जागी गरगर फिरायला लागली. बेलांग टेबलाखाली गेला. मेन सुक्री टेबलावर. (खोटं. मी स्टुलावर चढले. – मे. सु.)

एक दिवस ती पुढ्यात घेऊन बसले. चूक माझी नव्हती, तुझी होती, हे आधी लिही सुक्री, मोठ्या अक्षरात. त्या दोन मोटर एकमेकींकडे तोंड करून बसल्यात. तू आणि मी समोरासमोर बसून परड्या विणतो तेव्हा तुझा उजवा हात माझ्या डाव्याकडे येतो की नाही? दोघींना "लाल पुढे" म्हटलंस तर एक पुढे जाणार, दुसरी मागे. मी उजव्या मोटरची लाल आणि पांढरी अदलाबदल केली. गाडी सुतासारखी सरळ गेली.

सरळ गेली ती टपरीच्या दारातल्या चानांगवरून. फुलं चिरडली, उदबत्ती मोडली. मेन सुक्रीनं तोंडावर हात घेतला. गलुंगानला आपल्या अंगणात पावलोपावली चानांग असणार, आणि तुझ्या बापासमोर ही नैवेद्य तुडवत गेली तर अट राहिली बाजूला, मला गावात तोंड दाखवता येणार नाही.

पण मी बघितलं ना, तिचे डोळे फार वर बसवलेत. ती खुर्चीचे पाय बघते, भिंत बघते, जमिनीवरचं बघत नाही. सरकारी माणसासारखी. मी डोळे काढून गाडीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला उलटे टांगले, बांबूच्या दोन काड्यांनी टाचून. आता चानांगच्या वीतभर अलीकडे थांबते. उजवीकडे बघते, डावीकडे बघते, मग वळसा घालून जाते. आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांपेक्षा बरं वागते.

एक सांगू? तुझं पत्र येतं तेव्हा मी कागदाकडे बघते आणि सुक्री बोलते. ही गाडीही तशीच. तू लिहिलेलं तिला काही दिसत नाही, पण कुणीतरी आतून वाचून दाखवतं आणि ती ऐकते. आमचं चांगलं जमतं.

उताराचं बापाला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी गप्प बसेन. पण मला नीट गप्प बसता येत नाही, हे तुला तुम्पेक लांदेपपासून माहीत आहे.

तुझी दादोंग

•

मालांग, २८ मे

प्रिय दादोंग,

तुझी अदलाबदल मी वर्गात फळ्यावर काढून दाखवली. सरांनी विचारलं, हे कुणी शोधलं? मी म्हटलं, माझ्या आजीनं. ते म्हणाले, त्या कुठल्या कॉलेजच्या? मी म्हटलं, परड्यांच्या.

आता फक्त दोन गोष्टी. सेल सणाच्या दिवशी सकाळी नवे घाल, जुने टाकून दे. आणि उताराचं मी ठरवलं. परीक्षा संपली की मी स्वतः बापांना लिहीन, गाडी गेली तरी आणि नाही गेली तरी. पण गलुंगानच्या आधी नको. भ्यायलेय मी. असं वाटतं की ती फाटकापर्यंत पोहोचेल आणि बापा म्हणतील, बरं, शिक, आणि मला ते गोड लागणार नाही.

आठ तारखेला सकाळी नऊला माझा पेपर आहे. तुम्ही केव्हा चालवणार ते मेन सुक्रींना कळवायला सांग, म्हणजे मी त्या वेळी पेपरात चूक तरी करणार नाही.

तुझी कोमांग

•

पेनेबेल, ९ जून

चि. कोमांगला दादोंगचे आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसतंय ना? मेन सुक्री सणाच्या दुसऱ्या दिवसाची म्हणून माहेरी गेलीय. म्हणून आज तुझ्या बापाला बसवलंय. त्याच्याकडे पेन आहे, सणाची सुट्टी आहे आणि आईला नाही म्हणायची हिंमत नाही. लिही रे. हेही लिही. (लिहितोय. – लांद्रा.)

काल सकाळी पूजा झाली. अंगणात, पायरीवर, विहिरीशी, फाटकाशी, सगळीकडे चानांग. फाटकाबाहेर आपल्या पेंजोरचा सजवलेला बांबू एवढा वाकला होता की टोकाची झालर थेट माझ्या डोक्यावर. घरची सगळी जमली. मी नवे सेल घातले आणि गाडी स्वयंपाकघराच्या दारात ठेवायला निघाले. तर लांद्रा म्हणाला, "तिथे नाही. फाटकापाशी ठेव. फाटक ते स्वयंपाकघर."

म्हणजे चढ.

मी म्हटलं, अट उलटी होती. तो म्हणाला, "आई, मी वीस वर्षं गाडी चालवतोय. उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी मला ओळखता येत नाही का?"

कोमांग, त्याला जानेवारीपासून माहीत होतं. पोरीचं तोंड बघून गप्प बसला म्हणे, आणि गलुंगानपर्यंत मुदत दिली. आता लिही, का गप्प बसलास. (तिला काम करायला वेळ मिळावा म्हणून. – लांद्रा.) एवढंच? (एवढंच.) खोटारडेपणा तुझ्याकडून आलाय पोरीत.

मी गाडी फाटकापाशी ठेवली, बटण दाबलं. चढाला आधी कुरकुरली, माझ्या गुडघ्यांसारखी. मग निघाली. पहिल्या चानांगसमोर थांबली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वळसा घातला. दुसऱ्याला तसंच. विहिरीशी तिसरं होतं, तिथे तुझी आई मोठ्यानं "अगं बाई" म्हणाली, पण गाडीनं त्यालाही वळसा घातला. लांद्रा हात मागे बांधून तिच्या मागून चालत होता, पोलीस असल्यासारखा.

आणि स्वयंपाकघराच्या अगदी दारात थांबली. तिथे मी सकाळी ठेवलेलं चानांग होतं, दाराच्या मधोमध, अरुंद जागा. उजवीकडे चौकट, डावीकडे चौकट. गाडी मागे गेली, पुढे आली, थांबली. मागे गेली, पुढे आली, थांबली. मी ते उचलायला वाकले, तर तुझा बाप म्हणतो, "हात लावायचा नाही. अट आहे." मी म्हटलं, "मेल्या, अर्धी वीत राहिलीय!" तो म्हणाला, "आई, उदबत्ती जळतेय. ती विझेपर्यंत आपण तरी ओलांडतो का? ती बरोबर थांबलीय."

मग तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. आम्ही सगळे बसलो. उदबत्ती अर्धी होती. गाडी मागे जायची, पुढे यायची, थांबायची. दिवा फिकट व्हायला लागला, मला कळलं की सेल दमले. मी मनात म्हटलं, देवा, वारा सोड थोडा, लवकर जळू दे. लांद्रा तिच्याशी बोलत होता. काय बोलत होतास ते लिही. (काही नाही. – लांद्रा.) "थांब हं, थोडंच राहिलंय," असं म्हणत होता. मी फोनवर बहिरी आहे, घरात नाही.

उदबत्ती विझली. आणि बेलांग, जो सकाळपासून एकाही चानांगला शिवला नव्हता, तो उठला, शेपटी हलवत आला आणि परडी बिस्किटासकट तोंडात धरून निघून गेला. कुणी हात लावला नाही. कुत्र्याचं तोंड अटीत नव्हतं.

गाडी पुढे आली. उंबऱ्याच्या फळीवर चढली, आत आली, माझ्या पायापाशी येऊन थांबली आणि दिवा विझला.

तुझी आई रडली. मी नाही रडले, मला धूर गेला. लांद्रानं गाडी उचलली, पोटाखाली बघितलं, माझ्या बांबूच्या काड्या बघितल्या, मग निळी पाटी बघितली आणि विचारलं, "आई, ही नवी दिसते. जुनीला काय झालं?" तेव्हा मी तीर्थाचं सांगितलं. हसत हसत ओट्यावर बसला तो. इतका हसला की शेजारचेही गोळा झाले. तुझ्या आजोबांनंतर या घरात असं कुणी हसलं नव्हतं.

आता तू त्याला उताराचं पत्र लिहायची गरज नाही. पण लिही. त्याला आवडेल.

बस्स. पुढचं तो लिहील, मी कॉफी ठेवते. काय लिहिलंस ते मला वाचून दाखवशील हं, जसंच्या तसं.

तुझी दादोंग रेनिंग

कोमांग,

आत्याला आज सकाळी फोन केला, येत नाहीस म्हणून. ती म्हणाली, चादरी मीच घालते. पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणाची व्यवस्था होईल, तू परीक्षेकडे लक्ष दे.

गाडी मी माझ्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवलीय. काल देवळाकडे जाताना दोन पर्यटकांनी विचारलं, हे काय. सांगितलं.

आणखी एक. केकच्या डब्याचं पारदर्शक झाकण कापून मी निळ्या पाटीवर बसेल असं केलंय, चार स्क्रू लावून. पुढचा तुम्पेक लांदेप पाच नोव्हेंबरला आहे. आई ऐकणार नाही.

– बापा